बूम बदलताना

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं टीव्हीच्या बातमीदारीत काम करणाऱ्यांची आहेत, आणि विषय जवळजवळ एकच आहे : बूम, म्हणजे हातातला वाहिनीच्या नावाचा माईक, बदलावा का, हे चॅनल सोडून त्या चॅनलला जावं का, आणि जायचं तर कसं. लिहिणारे अजून नोकरीत आहेत, म्हणून कुणाचंही नाव, गाव किंवा चॅनल छापलेलं नाही. मी बरीच वर्षं असाइनमेंट डेस्क, म्हणजे कुठल्या बातमीला कोण जाणार ते ठरवणारं टेबल, सांभाळला. माणसं घेतली, जाणाऱ्यांचे राजीनामे पुढे पाठवले. त्या अनुभवातून लिहिते आहे.

ताई, मी एका छोट्या वाहिनीवर अँकर आहे. सकाळचं बुलेटिन आणि आठवड्यातून दोनदा मुलाखतीचा कार्यक्रम करते. एका मोठ्या वाहिनीने बोलावलंय. पगार दीडपट, पद 'सीनियर अँकर'. पण स्लॉट, म्हणजे पडद्यावरची वेळ, कुठला, असं विचारलं की 'आधी या तर, मग बघू' असं उत्तर मिळतं. घरचे म्हणतात, अशी संधी सोडू नकोस.

स्लॉट मेलवर लिहून आल्याशिवाय होकार देऊ नका. घरच्यांना पगार दिसतो, पद दिसतं, आणि त्यांचं ते बरोबरच आहे. तुम्हाला मात्र रोजचा दिवस जगायचा आहे.

'सीनियर अँकर' हे पद ओळखपत्रावर असतं, रनडाउनमध्ये, म्हणजे काय कधी दाखवायचं त्या यादीत, नसतं. रनडाउनमध्ये असतो तो वेळ आणि त्यापुढे लिहिलेलं नाव. मोठ्या वाहिनीत खुर्च्या कमी आणि चेहरे जास्त असतात. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत तीन-चार ठरलेली माणसं बसतात आणि ती सहसा हलत नाहीत. नव्याने आलेल्याला बहुतेक वेळा रात्रीची पाळी मिळते, किंवा कुणी रजेवर गेलं तर भरून काढायचं काम. रात्रीच्या पाळीला मी कमी लेखत नाही. मध्यरात्री मोठी घटना घडली की खुर्चीत जो असेल त्यालाच दोन-तीन तास एकट्याने सांभाळावं लागतं, टेलिप्रॉम्प्टर कोरा असतो, पीसीआरमधून, म्हणजे प्रसारणाच्या कंट्रोल रूममधून, कानात येईल तेवढंच हातात. काही फार चांगले अँकर मी तिथेच तयार होताना पाहिले. पण ते माहीत असून स्वीकारणं वेगळं आणि तिथे गेल्यावर कळणं वेगळं.

म्हणून फोन करा आणि हे विचारा : कुठलं बुलेटिन, आठवड्यातून किती दिवस, कॉपी कोण लिहिणार, मला त्यात बदल करता येणार का, फील्डवर पाठवणार का. आणि शेवटी एक प्रश्न जरूर विचारा : निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी मी कुठे असेन? त्या दिवशी प्रत्येक वाहिनी आपला भरवसा पडद्यावर मांडून ठेवते. मुख्य सेटवर, विश्लेषणाच्या टेबलावर, मतमोजणी केंद्राबाहेर, की घरी, या उत्तरातून त्यांनी तुमच्याबद्दल काय ठरवलंय ते कळतं.

तुमच्या पत्रातला मुलाखतीचा उल्लेख मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. तुम्हाला तेच आवडतं, हे तुम्ही न सांगताही दिसतं. अमेरिकी टीव्हीवरच्या बार्बरा वॉल्टर्स यांचं उदाहरण आठवा. १९७६ मध्ये त्या एनबीसी सोडून एबीसीवर गेल्या. पाच वर्षांचा करार, वर्षाला दहा लाख डॉलर. अमेरिकेत तोवर कुठल्याही वृत्तनिवेदकाला एवढी रक्कम मिळाली नव्हती. एनबीसीच्या सकाळच्या कार्यक्रमात त्यांची ताकद होती मुलाखतीत. एबीसीने त्यांना संध्याकाळच्या बुलेटिनला हॅरी रीझनर यांच्या शेजारी बसवलं. रीझनर यांना ही भागीदारी नको होती आणि ते पडद्यावर लपत नव्हतं. १९७८ मध्ये जोडी मोडली. वॉल्टर्स टिकल्या त्या मुलाखतींमुळे. १९७७ च्या नोव्हेंबरात इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात आणि इस्राएलचे पंतप्रधान बेगिन यांची एकत्र मुलाखत त्यांनी घेतली, आणि पुढे '२०/२०' या कार्यक्रमात त्यांना हक्काची जागा मिळाली. तीस वर्षांनी केटी कुरिक यांच्या बाबतीत पुन्हा असंच काहीसं घडलं. एनबीसीच्या सकाळच्या कार्यक्रमातून त्या २००६ मध्ये सीबीएसच्या संध्याकाळच्या बुलेटिनवर गेल्या. आठवड्याच्या पाचही दिवसांचं ते बुलेटिन एकटीने सांभाळणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पहिल्या दिवसांत प्रेक्षक भरभरून आले, मग सीबीएस पुन्हा तिसऱ्या क्रमांकावर. २०११ मध्ये त्या बाहेर पडल्या. दोघींच्याही कर्तृत्वाबद्दल कुणाला शंका नव्हती. ज्या कामासाठी लोक त्यांना पाहत होते, ते काम नव्या जागेत मावत नव्हतं.

तुमचा मुलाखतीचा कार्यक्रम नव्या वाहिनीत कुठे बसतो ते विचारा. बसत नसेल तर दीडपट पगाराच्या बदल्यात काय सोडताय ते तुम्हाला नीट दिसेल. त्यानंतर गेलात तरी हरकत नाही.

मी कोर्ट आणि क्राइम बीट करतो, म्हणजे या विषयांच्या बातम्या माझ्याकडे. करारात नोटीस तीन महिन्यांची आहे आणि 'नोकरी सोडल्यावर एक वर्ष स्पर्धक वाहिनीत काम करता येणार नाही' असंही कलम आहे. नवी वाहिनी महिन्याभरात या म्हणते. आमचं एचआर म्हणतं, कोर्टात खेचू. खरंच खेचतील?

कोर्ट बीट करणाऱ्या माणसाला हे विचारावं लागतं यात मला नवल वाटत नाही. आपल्या स्वतःच्या करारावर आपण सगळेच डोळे मिटून सही करतो. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू.

पहिली, नोकरी संपल्यानंतरचं एक वर्ष. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याचं कलम २७ सांगतं की कायदेशीर व्यवसाय, धंदा किंवा पेशा करण्यापासून माणसाला अडवणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक. १९८० मध्ये सुपरिटेंडन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगई या खटल्यात सुप्रीम कोर्टाने नोकरी संपल्यानंतरचं असं बंधन कंपनीला लादू दिलं नाही. तेव्हा त्या एका वर्षाच्या कलमाची धास्ती घेऊ नका. न्यूयॉर्क राज्यात तर या प्रश्नासाठी २००८ मध्ये प्रसारण क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांपुरता वेगळा कायदाच करावा लागला. आपल्याकडे ते काम हे जुनं कलम करतं.

दुसरी गोष्ट मात्र सावधपणे घ्या. नोकरी चालू असतानाच्या काळाला हे संरक्षण तसंच लागू होत नाही. १९६७ चा निरंजन शंकर गोलिकरी यांचा खटला तुम्ही ऐकला असेल. कल्याणजवळच्या रेयॉन कारखान्यातला हा कर्मचारी पाच वर्षांचा करार मध्येच सोडून राजस्थानातल्या स्पर्धक कारखान्यात गेला. कराराची मुदत संपेपर्यंत त्याला तिथे काम करण्यापासून अडवणं सुप्रीम कोर्टाने योग्य ठरवलं. टीव्हीत अँकर आणि वरिष्ठ बातमीदारांना बऱ्याचदा दोन किंवा तीन वर्षांच्या ठरावीक मुदतीच्या करारावर घेतात. तुमचा करार तसा आहे की कायम नोकरीचा, हे आजच काढून बघा. मुदतीचा असेल आणि मुदत बाकी असेल, तर एचआरची धमकी पोकळ समजू नका.

नोटिशीचं म्हणाल तर कुठलंही कोर्ट तुम्हाला धरून आणून बूम हातात देत नाही. मागतात ती भरपाई. करारात लिहिलेली रक्कम हीच मर्यादा, आणि त्यातही कोर्ट वाजवी किती ते पाहतं. पण बाँड, म्हणजे ठरलेली वर्षं न थांबल्यास पैसे भरण्याची अट, सगळे बेकायदाच, असं जे न्यूजरूममध्ये सांगितलं जातं ते खरं नाही. मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं नोकरी केली नाही तर दोन लाख रुपये भरायचे ही अट वैध ठरवली. तेव्हा बायआउटची, म्हणजे नोटिशीच्या उरलेल्या दिवसांच्या बदल्यात द्यायची, रक्कम नव्या वाहिनीने भरायची का, हे तोंडी ठेवू नका. ऑफर लेटरमध्ये येऊ द्या. न आल्यास ते पैसे तुमच्याच फुल अँड फायनलमधून, म्हणजे शेवटच्या हिशेबातून, जातील.

राजीनामा मेलने द्या आणि मिळाल्याची पोच घ्या. त्याच दिवशी तुम्हाला लाइव्हवरून काढून डेस्कवर बसवतील, कदाचित सिस्टीमचा पासवर्डही बंद करतील. मनाला लावून घेऊ नका. जाणाऱ्या माणसाच्या हाती लाइव्ह कॅमेरा द्यायला प्रत्येक संपादक कचरतो, मीही कचरत होते. ते दिवस चालू खटल्यांच्या तारखा, वकिलांची नावं आणि कुठल्या प्रकरणाचे कागद कुठे आहेत याची यादी करण्यात घालवा. रिलिव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, हातात येईपर्यंत दुसऱ्या वाहिनीचा बूम धरू नका, अगदी फोनोसुद्धा, म्हणजे फोनवरून बातमीसुद्धा, देऊ नका.

पैशांचं एक नवं कळलेलं बरं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. शिवाय १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रांपुरता होता, टीव्हीवाले त्यात नव्हतेच. त्याच दिवशी लागू झालेल्या कामगारांच्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यमंही आली आहेत. आपल्या माणसांनी याची किती वर्षं वाट पाहिली! करार मात्र वकिलाला दाखवाच, गोपनीयतेची कलमं वेगळी असतात आणि ती नोकरी संपल्यावरही पाठ सोडत नाहीत.

मी नोकरीत नाही, फक्त प्रेक्षक आहे. रोज रात्री ज्यांना पाहतो ते अँकर एक दिवस अचानक दिसेनासे होतात. चॅनल काही सांगत नाही. महिन्याभराने ते दुसरीकडे दिसतात. निरोपाचं एक वाक्य बोलायला काय हरकत आहे?

काहीही हरकत नसावी. होतं असं की निरोप घेऊ दिला तर प्रेक्षक विचारणार, चालले कुठे? आणि ते उत्तर म्हणजे स्पर्धकाची फुकट जाहिरात, असं व्यवस्थापनाला वाटतं. म्हणून राजीनाम्याच्या दिवशीच चेहरा पडद्यावरून उतरतो. तुम्हाला महिनाभर ज्या काळात ते दिसले नाहीत, तो बहुतेक नोटिशीचा काळ.

याहून चांगली पद्धत अस्तित्वात आहे. ब्रिटिश पत्रकार अँड्र्यू मार यांनी डिसेंबर २०२१ मध्ये बीबीसीवरच्या आपल्या रविवारच्या कार्यक्रमाचा शेवटचा भाग केला, त्याच पडद्यावरून प्रेक्षकांचा निरोप घेतला आणि मग एलबीसी या दुसऱ्या संस्थेकडे गेले. बीबीसीचं त्यात काही बिघडलं नाही. आपल्याकडे रवीश कुमार यांनी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी एनडीटीव्हीचा राजीनामा दिला, आणि प्रेक्षकांशी त्याबद्दल ते बोलले स्वतःच्या यूट्यूब चॅनलवरून. वर्षानुवर्षं घरात येणाऱ्या माणसाने जाताना सांगून जावं, एवढी अपेक्षा प्रेक्षकाने ठेवणं अगदी रास्त आहे. तुम्ही वाहिनीला तसं लिहा. प्रेक्षकांची पत्रं आणि मेल संपादकाच्या टेबलावर जातात, हे मी पाहिलेलं आहे.

एका सार्वजनिक रुग्णालयातल्या औषध खरेदीच्या प्रकरणावर मी बरेच महिने काम करतोय. कागद मिळालेत, दोन मुलाखती शूट झाल्यात. आता नव्या वाहिनीत जायचं नक्की झालंय. तिथल्या संपादकांना मी याबद्दल सांगितलं तर ते म्हणाले, 'हीच आपली पहिली मोठी बातमी.' जुन्या संपादकांना वाटतं बातमी चॅनलची. सोर्स म्हणतो, मी कागद तुम्हाला दिलेत, चॅनलला नाही. खरी मालकी कोणाची?

या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. चॅनल बदलण्याच्या सगळ्या गडबडीत ज्याचं सगळ्यात मोठं नुकसान होऊ शकतं तो माणूस तुमच्या पत्रात तिसऱ्या क्रमांकावर आला आहे. त्याला पहिल्या क्रमांकावर घ्या.

कायद्याचं आधी उरकू. नोकरीत असताना नोकरीचं काम म्हणून जे चित्रित केलं, लिहिलं, त्याचा पहिला मालक नोकरी देणारा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. त्या दोन मुलाखती वाहिनीच्या आहेत. हार्ड डिस्कवर कॉपी करून नेल्यात तर ती चोरी ठरेल, आणि नव्या वाहिनीलाही तुम्ही अडचणीत आणाल. फोन नंबर, ओळखी, तुम्हाला त्या विषयाचं झालेलं ज्ञान हे तुमचं. ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

कागदांचं काय? सोर्सने ते कुठल्या शब्दावर दिले ते आठवा. 'नाव येणार नाही' असं तुम्ही म्हणाला असाल तर तो शब्द तुम्ही दिलाय, आणि तो शब्द तुमच्याबरोबर नव्या इमारतीत जातो. पण जुन्या इमारतीतही तो मागे राहतो, कारण तुम्ही संपादकांना कागद दाखवले असणार, डेस्कच्या ग्रुपवर फोटो टाकले असणार, ऑफिसच्या लॅपटॉपवर फाइल असणार. जाण्याआधी हे सगळं तपासा. सोर्सचं नाव, नंबर, अक्षर, कागदावरचा कार्यालयीन शिक्का, फाइलच्या कोपऱ्यातला आवक क्रमांक, ज्यावरून तो कागद कुणाच्या टेबलावरून निघाला ते कळेल असं काहीही मागे उघडं राहता कामा नये. औषध खरेदीची फाइल मोजक्याच हातांतून जाते. त्यातला एक हात ओळखणं खात्यातल्या कुणालाही अवघड नाही.

मग सोर्सला भेटा. फोनवर नको. सांगा की मी वाहिनी बदलतोय, आणि तीन वाटा त्याच्यापुढे ठेवा. बातमी मी जाण्याआधी इथेच पूर्ण करतो. किंवा तुझ्या संमतीने इथल्या दुसऱ्या बातमीदाराची आणि तुझी गाठ घालून देतो. किंवा तुला फक्त माझ्याशीच बोलायचं असेल तर तिकडे गेल्यावर आपण पहिल्यापासून सुरू करू. पहिल्यापासून म्हणजे खरोखर पहिल्यापासून : नव्या मुलाखती, नव्या कॅमेऱ्यावर, आणि ज्यांच्यावर आरोप आहे त्यांना नव्याने विचारलेले प्रश्न. जुन्या वाहिनीसाठी त्यांनी दिलेलं उत्तर नव्या पॅकेजमध्ये, म्हणजे जोडून तयार केलेल्या बातमीत, चिकटवता येत नाही.

माझं मत विचाराल तर पहिली वाट. बरेच महिने झालेत, मुलाखती शूट आहेत, नोटिशीचा काळ हाताशी आहे. संपादकांना सांगा, ही बातमी लावा, मग मला सोडा. श्रेय जुन्या वाहिनीला मिळेल. मिळू द्या. तुमच्या सोर्सची जोखीम त्यामुळे दोन न्यूजरूममध्ये विभागली जाणार नाही, आणि रुग्णालयात ज्यांना ती औषधं दिली जातात त्यांना तुमच्या नव्या नोकरीचे कागद तयार होईपर्यंत थांबावं लागणार नाही.

नव्या संपादकांनी 'हीच आपली पहिली बातमी' म्हटलं ते मला खटकलं. बातमीदाराने बातमी हुंड्यासारखी घेऊन यावी, ही अपेक्षा बऱ्याच ठिकाणी असते. मुलाखतीला आलेल्या एका उमेदवाराने माझ्यापुढे त्याच्या तेव्हाच्या वाहिनीचे न दाखवलेले कागद ठेवले होते. हुशार होता, कागद अस्सल होते. मी त्याला घेतलं नाही, कारण पहिल्या पानावरचं सोर्सचं नावसुद्धा त्याने झाकलेलं नव्हतं. तुमच्या नव्या संपादकांना एवढंच कळवा : ही बातमी मी इथे पूर्ण करून येतोय, पुढची तुमच्यासाठी शोधेन. त्यावर ते नाराज झाले तर ते रुजू होण्याआधी कळलेलं बरं.

आणि तुमच्या कॅमेरामनला राजीनाम्याची बातमी तुमच्या तोंडून कळू द्या. त्या दोन मुलाखतींना तोही तुमच्याइतकाच हजर होता.

माझ्या कार्यक्रमाचं नाव आणि शेवटचं वाक्य मीच सुचवलेलं आहे. लोक मला त्यावरूनच ओळखतात. ते नव्या वाहिनीवर नेता येईल का?

नाव बहुधा नाही, वाक्य कदाचित. अर्णब गोस्वामी टाइम्स नाऊ सोडून २०१७ मध्ये रिपब्लिक घेऊन आले तेव्हा नेमका हाच वाद दिल्ली हायकोर्टात गेला. ऑक्टोबर २०२० च्या अंतरिम आदेशात कोर्टाने 'न्यूज अवर' हे कार्यक्रमाचं नाव त्यांच्या कंपनीला वापरू दिलं नाही. 'नेशन वॉन्ट्स टू नो' हे वाक्य बोलण्याचा भाग म्हणून वापरायला मात्र मुभा दिली. ट्रेडमार्क म्हणून वापरायचं तर हिशेब ठेवायला सांगितला. तुमच्या करारात 'कामाच्या दरम्यान निर्माण झालेलं सर्व काही' अशा अर्थाचं कलम असणारच. नवं नाव शोधा. तुमच्यासाठी येणारे प्रेक्षक आठवड्याभरात सरावतील.

मी तालुक्याच्या ठिकाणी स्ट्रिंगर आहे. तीन वाहिन्यांना फुटेज देतो. त्यातल्या एका वाहिनीने 'फक्त आमच्यासाठी काम करा' असं सांगितलंय, पण पगार नाही, बातमीमागेच पैसे. काय करावं?

पगार नाही तर बांधिलकीही नाही. महिन्याची ठरावीक रक्कम, बूम, ओळखपत्र आणि अपघात विमा हे चारही लेखी मिळणार असेल तरच एकाच वाहिनीसाठी काम करा. यातलं एकही तोंडी मान्य करू नका. अँकरच्या पक्षांतराची चर्चा होते, पण पुराच्या पाण्यात पहिला कॅमेरा तुमचा असतो आणि मोबदल्याच्या यादीत नाव शेवटी. हे मला डेस्कवर असतानाही सहन होत नसे.

आमच्या वाहिनीची मालकी बदलली. मी कुठेच गेलो नाही, पण बीटवर काय करायचं ते आता वरून ठरतं. सहकारी म्हणतात सोड, यूट्यूबवर ये. वय सेहेचाळीस, घराचे हप्ते आहेत.

मालकी बदलली म्हणून लगेच राजीनामा टाइप करू नका. बातमीदार जागेवर राहतो आणि पाटी बदलते, हे आपल्याकडे अनेकदा झालंय. २००३ मध्ये एनडीटीव्ही आणि स्टार यांचा करार संपला. तोवर स्टार न्यूजसाठी बातम्या तयार करणाऱ्या लोकांनी एनडीटीव्हीच्या स्वतःच्या दोन वाहिन्या उभ्या केल्या. स्टार माझा २०१२ मध्ये एबीपी माझा झालं. आयबीएन लोकमत पुढे न्यूज१८ लोकमत झालं. यातल्या प्रत्येक वेळी काही जण गेले, बरेच राहिले, आणि राहिलेल्यांपैकी अनेकांनी उत्तम काम केलं. पाटीवरून काहीच सांगता येत नाही.

वरून येणाऱ्या सूचनांची मात्र नोंद ठेवा, तारखेसह, स्वतःच्या वहीत. कुठली बातमी पडली, कुणी पाडली, कारण काय दिलं. काही महिन्यांनी ती वही शांतपणे वाचा. बातमी लांबली, छोटी झाली, रात्री अकराला लागली, एवढंच असेल तर ती रोजची कुरकुर आहे, तिच्याशी भांडत राहता येतं. जे खोटं आहे हे माहीत आहे ते तुमच्या आवाजात व्हीओ, म्हणजे दृश्यांमागचं निवेदन, करायला लावलं असेल, तर निघा. तेव्हा हप्ते आड येऊ देऊ नका, आणि तशी वेळ येईल असं वाटत असेल तर सहा महिन्यांचा खर्च आत्तापासून बाजूला ठेवायला लागा.

यूट्यूबबद्दल एकच सांगते. मोठी नावं तिकडे गेली आणि चालली, कारण प्रेक्षक त्यांच्याबरोबर गेला. तुम्ही बीटचे बातमीदार आहात, तुमच्याबरोबर सोर्स जातील, प्रेक्षक नव्याने जमवावा लागेल. शिवाय मानहानीची नोटीस आली तर वाहिनीचा वकील नसेल. दोघातिघांनी मिळून, एका विषयापुरतं सुरू करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

जुन्या वाहिनीत परत गेलं तर लोक हसतील का?

हसणारे हसतील. क्रिस्तियान आमनपूर १९८३ पासून सीएनएनमध्ये, युद्धभूमीवरच्या बातमीदारीने जगभर ओळखल्या गेलेल्या. २०१० मध्ये एबीसीवर रविवारचा राजकीय चर्चेचा कार्यक्रम घेतला, आणि २०१२ मध्ये सीएनएन इंटरनॅशनलवर परतल्या. आजही त्यांची ओळख सीएनएनचीच. परत जाताना पगार सोडून एका गोष्टीवर अडून बसा : ज्या कारणासाठी गेला होता ते कारण दूर झालंय का.

माझी मुलगी टीव्ही पत्रकार आहे. थोड्याच वर्षांत तिसरं चॅनल. आम्ही दूरदर्शन पाहत मोठे झालो, प्रदीप भिडे आयुष्यभर तिथेच बातम्या वाचत होते. ही पिढी टिकत का नाही? तिचं नुकसान होईल का?

काका, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढे कित्येक वर्षं मराठी बातम्या पडद्यावर वाचायच्या तर जागा तीच एक होती. अनंत भावे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे, सगळे तिथेच. टिकून राहणं हा त्यांचा गुण होताच, पण दुसरं दार नव्हतं हेही खरं. जुलै २००० मध्ये ई टीव्ही मराठी आलं, त्याच्या बातम्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून जायच्या. मराठी मुलं तिकडे जाऊन राहिली, शिकली. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ मध्ये आयबीएन लोकमत आणि साम, अशा वाहिन्या पाठोपाठ उघडल्या, आणि त्यांना लागणारी तयार माणसं एकमेकांकडूनच आली. पुढेही तसंच चालू राहिलं, कारण आपल्याकडे बऱ्याच वाहिन्यांत आहे त्या जागी पगार फारसा वाढत नाही. वाढ मिळते ती दार बदलल्यावर. तुमची मुलगी चंचल आहे असं यावरून ठरवू नका.

मी उमेदवारांचे बायोडेटा पाहायचे तेव्हा किती वाहिन्या झाल्या ते मोजत नसे. बीट काय होती ते बघायची. तीन वाहिन्या आणि तिन्हीकडे आरोग्य किंवा तिन्हीकडे शेती असेल, तर ही मुलगी आपला विषय घेऊन फिरते आहे हे दिसायचं. तिला मी लगेच बोलवायची. तीन वाहिन्या, तीन बीट आणि प्रत्येक ठिकाणी पद तेवढं चढलेलं, असं असलं की मात्र मी मागच्या संपादकांना फोन करायची. तुम्ही पत्रात तिची बीट लिहिलेली नाही. पुढच्या वेळी ती घरी आली की विचारा, आणि पुन्हा लिहा. मग मला नेमकं सांगता येईल.